कॉइलच्या डब्यावर आकडा छापा

टोमॅटोचे साठ क्रेट घेऊन पहाटे निघालेली गाडी नारायणगावच्या बाजारात पोचली तेव्हा लिलाव उरकले होते. उरलासुरला माल उचलणारे दोघेतिघे तेवढे फिरत होते. त्यांनी सांगितला तो भाव घेऊन आमचा तरुण कार्यकर्ता मुकाट्याने क्रेट रिकामे करून परत आला. वाटेत गाडी तीनदा बंद पडली होती. पाऊस नव्हता, रस्ता अडवलेला नव्हता, व्यापाऱ्यांचा बंद नव्हता. ज्याच्यावर मोर्चा न्यावा असे कोणी समोरच नव्हते. होती ती बॉनेटखालची, पाणी प्यायच्या पेल्याएवढी एक काळी डबी. तिला कॉइल म्हणतात.

जिल्हा बैठकीच्या अंकात आम्ही भावाबद्दल लिहावे, विजेबद्दल आणि कर्जाबद्दल लिहावे अशी अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. कॉइलवर लेख कशाला, असे कोणी म्हणेल. पण साठ क्रेट म्हणजे बाराशे किलो माल, त्यामागे तीन महिन्यांचे पाणी, औषध आणि घरच्या बायांची तोडणी. हे सगळे त्या दिवशी त्या डबीने खाल्ले. ज्याने शेतकऱ्याचा माल खाल्ला त्याच्याबद्दल लिहायचे नाही, असा काही आमचा नियम नाही.

गाडी घरी बांधलेली. पुढचा भाग भंगारात काढलेल्या जुन्या पेट्रोल गाडीचा, मागचा एक्सल दुसऱ्याच गाडीचा, हौदा गावच्या मिस्त्रीने चॅनल आणि पत्रा वेल्डिंग करून बसवलेला. इंजिन चार सिलिंडरचे, पेट्रोलचे. उत्तरेत ज्याला जुगाड म्हणतात ती गाडी बहुधा पाण्याच्या पंपाच्या डिझेल इंजिनावर चालते. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही, त्यामुळे कॉइलही नाही आणि कॉइलची तक्रारही नाही. मग पेट्रोलचे इंजिन का घेतले, असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, "सर, कुणी घेत नव्हतं म्हणून तर मला मिळालं." शेतकऱ्याच्या घरात यंत्र कसे येते याचे एवढे खरे उत्तर आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही.

दुखणे असे होते की सकाळी गार इंजिन अर्ध्या चावीत सुरू व्हायचे. आठदहा किलोमीटर झाले, त्यात एखादा चढ लागला, की गाडी फटके मारायची, धाप टाकायची आणि गप्प व्हायची. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा काही झालेच नाही अशी चालायची. "तिला ऊन लागतं," हे त्याचे निदान. गावातल्या जाणत्यांनी आपापली निदाने केली. प्लग बदलले. पॉइंट बदलले. कंडेन्सर बदलला. कार्बुरेटर दोनदा उघडला. पेट्रोल तापून नळीत वाफ धरते, असे एकाने सांगितले म्हणून पेट्रोलच्या पंपाला ओले फडके गुंडाळले. कॉइल तर तीन वेळा बदलली. तालुक्याच्या गावी एका गॅरेजमधल्या वायरमनने मीटर लावून पाहिले, कॉइलवर बारा व्होल्ट येतात असे सांगितले आणि वायरिंग चोख असल्याचा दाखला दिला.

आमचे शिक्षण शेतीचे. हा प्रकार पाहून आम्हाला आमचाच धंदा आठवला. पान पिवळे दिसले की एक जण नत्र कमी म्हणतो, दुसरा लोह, तिसरा जस्त, चौथा मुळावर बुरशी असल्याचे सांगतो, आणि शेतकरी चारही बाटल्या घेऊन घरी जातो. माती कोणी तपासत नाही. तपासणीला लागणाऱ्या पैशाच्या कितीतरी पट पैसे अंदाजाच्या फवारणीत जातात. या गाडीवरही अंदाजाची फवारणीच चालली होती.

एका दुपारी आम्ही त्याच्याबरोबर गाडीत बसलो आणि ती बंद पडेपर्यंत उतरायचे नाही असे ठरवले. फार वाट पाहावी लागली नाही. बॉनेट उघडून कॉइलला बोट लावले तर चटका बसला. चावी बंद करून पेट्रोल पंपावरचे ओले फडके काढले आणि पिळून कॉइलच्या अंगाला गुंडाळले. पाच-सात मिनिटांनी चावी फिरवली, इंजिन सुरू. पोराला वाटले दुखणे गेले. आम्ही त्याला सांगितले की हा इलाज नव्हे, हे फक्त निदान. (आणि वाचणाऱ्यांपैकी कोणी तापलेल्या कॉइलवर तांब्याने पाणी ओतायला जाऊ नये. तिच्या डोक्यावर हजारो व्होल्ट निघतात.)

आता ही डबी करते काय ते सांगितले पाहिजे. बॅटरीचे बारा व्होल्ट प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला अजिबात पुरत नाहीत. त्यासाठी हजारांत व्होल्ट लागतात. कॉइलमध्ये तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, थोड्या फेऱ्यांचे. दुसरे केसासारख्या तारेचे, त्याच्या साधारण शंभरपट फेऱ्यांचे. बॅटरीचा प्रवाह चावीतून जाड वेटोळ्यात येतो, तिथून डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटांतून बॉडीला, म्हणजे अर्थला जातो. पॉइंट मिटलेले असतात तोवर वेटोळ्यात चुंबकशक्ती साठते. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, साठलेली शक्ती कोसळते आणि बारीक वेटोळ्यातून झटक्यासरशी उंच दाबाची वीज निघते. बैलाने शिवळेला दिलेला हिसका समजा. ही रचना अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग याने बसवली आणि १९१० साली कॅडिलॅक गाड्यांवर ती आली. ओहायोच्या एका शेतावर १८७६ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा पोर. त्याच्या रचनेवर जगभरच्या पेट्रोल गाड्या पाऊणशे वर्षे चालल्या, आणि जुनी पेट्रोल इंजिने आजही त्याच रचनेवर चालतात.

या सगळ्यात प्रवाह किती वाहायचा हे कोण ठरवते? जाड वेटोळ्याचा रोध ठरवतो. रोध ओहममध्ये मोजतात. व्होल्टला ओहमने भागले की अँपिअर निघतात. जर्मनीच्या ओहम मास्तरांनी हा नियम १८२७ साली मांडला. आम्ही तो शाळेत पाठ केला आणि कृषी महाविद्यालयात वापरला तो थेट मातीवर. जमीन क्षारपड आहे का हे पाहताना मातीच्या पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतात. सहज गेली की क्षार जास्त. जुन्या प्रयोगशाळांत या मापाला म्हो म्हणत, म्हणजे ओहम उलटा लिहिला की म्हो. संपृक्त मातीच्या अर्कात चार मिलिम्होच्या वर काटा गेला की ती जमीन खारवट. मातीत जो नियम लागतो तोच तांब्याच्या तारेत लागतो.

आम्ही घरून मल्टिमीटर नेला होता. तो बाजारात चारपाचशे रुपयांतही मिळतो. चावी बंद करून कॉइलच्या दोन्ही वायरी सोडल्या. मीटरच्या दोन काड्या आधी एकमेकींना टेकवल्या तर ०.३ ओहम आले, हा मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध. तराजूचे रिकामे पारडे आधी पाहतात तसा हा आकडा आधी पाहायचा असतो. मग काड्या कॉइलच्या दोन बोल्टांना लावल्या. १.८ आले. तीन दशांश वजा करता दीड ओहम.

इथे सगळा उलगडा झाला. बॅटरी आणि पॉइंटांवर चालणाऱ्या जुन्या बारा व्होल्टच्या गाड्यांना दोन जातींच्या कॉइली लागतात. एका जातीचा रोध तीन ओहमच्या आसपास असतो. ती सरळ चावीवर जोडायची. बारा भागिले तीन, चार अँपिअर प्रवाह. दुसऱ्या जातीचा रोध दीड ओहमच्या आसपास. ती सरळ जोडायची नसते. तिच्या अलीकडे तेवढ्याच रोधाचा एक वेगळा तुकडा लागतो, त्याला बॅलास्ट म्हणतात. दीड आणि दीड तीन, म्हणजे प्रवाह पुन्हा चारच अँपिअर. हा उद्योग कशासाठी? तर स्टार्टर फिरताना बॅटरी खचते, बाराचे नऊदहा व्होल्ट होतात आणि नेमकी तेव्हाच ठिणगी जोरदार हवी असते. तेवढ्या दोनचार सेकंदांपुरता बॅलास्ट वगळून बॅटरी थेट कॉइलवर येते. इंजिन सुरू झाले की बॅलास्ट पुन्हा मधे. युक्ती चांगली आहे, पण बॅलास्ट जागेवर असेल तरच.

आमच्या कार्यकर्त्याच्या गाडीत तो नव्हता. हौदा बांधताना जुने वायरिंग उपसून काढले आणि नवे टाकले. बॅलास्ट म्हणजे काय, तर चिनी मातीचा पांढरा लांबट तुकडा, पत्र्याला स्क्रूने लावलेला. मिस्त्रीला तो फुटक्या कपाच्या कानासारखा दिसला असेल. आम्ही विचारल्यावर पोराच्या आईला आठवले, गोठ्यात बल्ब टांगायला त्याची तार कोणीतरी अडकवली होती. जाऊन पाहिले तर खरोखरच तिथे होता.

म्हणजे दीड ओहमची कॉइल सरळ बारा व्होल्टवर. प्रवाह आठ अँपिअर. आता उष्णतेचा हिशेब करा. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. चार अँपिअरला दीड ओहमच्या कॉइलमध्ये चार गुणिले चार गुणिले दीड, चोवीस वॅट. आठ अँपिअरला आठ गुणिले आठ गुणिले दीड, शहाण्णव वॅट. प्रवाह दुप्पट, उष्णता चौपट. इंजिन चालू असताना चार्जिंगमुळे व्होल्ट चौदाच्या आसपास जातात, ते आणखी वर. पॉइंट उघडझाप करत असल्यामुळे सरासरी याहून कमी भरते हे खरे, पण दोन्हींमधला फरक त्याने पुसला जात नाही. त्यात बाजाराच्या रांगेत इंजिन बंद करून, चावी चालू ठेवून हा गाणी ऐकत बसायचा. त्या वेळी पॉइंट मिटलेल्या जागी थांबले असतील तर प्रवाह अखंड. इंजिन बंद, गाणे चालू आणि कॉइल शिजते आहे. तापलेल्या कॉइलमध्ये आतल्या तारेवरचा लेप कुठेतरी दगा देतो, एका फेरीची वीज दुसऱ्या फेरीत उडी मारते, ठिणगी मरते. गार झाली की पुन्हा धड. म्हणून गार कॉइल मीटरवर निरोगी दिसते. रोग पाहायचा तर तापलेली असतानाच पाहायला हवे. तांब्याचा रोध तापण्याने वाढतो, दर अंशाला हजारात चार या हिशेबाने, तेवढी वाढ सोडून द्यायची. आकडा अचानक घसरला किंवा काटा अनंताला गेला तर समजायचे.

आणि वायरमनचे ते बारा व्होल्ट? त्याने खोटे सांगितले नव्हते. मीटर लावला तेव्हा इंजिन बंद होते आणि पॉइंट उघड्या जागी थांबलेले असणार. पॉइंट उघडे म्हणजे प्रवाह नाही. प्रवाह नाही म्हणजे बॅलास्ट असो वा नसो, कॉइलवर बाराच दिसणार. नळ बंद असताना पाइपातला दाब सगळीकडे सारखाच दिसतो, चोंदलेला पाइप ओळखायला नळ सोडावा लागतो. पॉइंट मिटवून मोजले असते तर बॅलास्ट असलेल्या गाडीत कॉइलवर सहासात व्होल्ट आणि या गाडीत जवळजवळ बारा दिसले असते. मोजणे वेगळे आणि मोजण्याची वेळ कळणे वेगळे. पाणी दिल्या दिवशी मातीचा ओलावा मोजून जमीन ओलसर असल्याचा शेरा मारणारे आम्ही आमच्या खात्यातही पाहिले आहेत.

आता दोष कोणाला द्यायचा? पहिल्यांदा आम्हीही दुकानदाराला द्यायला निघालो होतो. पण पोर दर वेळी जुनी कॉइल नमुना म्हणून घेऊन गेला आणि दुकानदाराने अगदी तशीच काढून दिली. मागितले ते दिले, यात त्याची काय चूक? तिसरी कॉइल आम्ही पट्टीतून सोडवली तेव्हा पट्टीखाली झाकलेल्या भागावर इंग्रजीत ठसा दिसला, 'यूज विथ एक्स्टर्नल रेझिस्टर'. बाहेरून रोध जोडून वापरा. कारखान्याने सांगायचे ते सांगितले होते, पण अशा भाषेत आणि अशा जागी, की ते वाचायला गाडी बंद पडावी लागते आणि कॉइल उपसावी लागते. डब्यावर मात्र काय होते? एक चित्र, किंमत आणि चारपाच गाड्यांची नावे.

या गाड्यांच्या नावांपाशीच खरी अडचण आहे. सुट्या भागांचा सगळा व्यापार गाडीच्या नावावर चालतो. दुकानात गेले की पहिला प्रश्न, कोणती गाडी? कंपनीची गाडी असेल त्याला हे पुरते. ज्याने गाडी स्वतः बांधली त्याच्या गाडीला नाव नसते. इंजिन एकाचे, डिस्ट्रिब्युटर दुसऱ्याचे, वायरिंग गावच्या मिस्त्रीचे. त्याला नाव विचारून उपयोग नाही, त्याला आकडा विचारला पाहिजे आणि आकडाच दिला पाहिजे. तीन की दीड? बॅलास्टसह की बॅलास्टशिवाय? पॉइंटांसाठी की इलेक्ट्रॉनिक डबीसाठी? एवढे तीन शब्द मराठीत डब्यावर छापायला कारखान्याला काय खर्च येतो?

मंडळी, आम्ही मागतो आहोत ते जगावेगळे नाही. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश यांची टक्केवारी छापलीच पाहिजे, १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने तसे बंधन आहे. जाहीर वाणांच्या बियाण्यावर उगवणशक्ती आणि शुद्धता सांगावी लागते, १९६६ च्या बियाणे कायद्याने. कीटकनाशकाच्या बाटलीवर विष किती जहाल हे तांबड्या, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणाने दाखवतात, म्हणजे अक्षर न येणाऱ्या मजुरालाही कळते. या कायद्यांची अंमलबजावणी कशी होते ते आम्ही चांगले जाणतो आणि त्याबद्दल आमचे भांडण चालूच आहे. तरी आकडा छापलेला असतो म्हणून भांडता तरी येते. कॉइलच्या डब्यावर २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे किंमत असते, महिना-वर्ष असते, कारखान्याचा पत्ता असतो. वस्तूचा गुण तेवढा नसतो.

चुकीची कॉइल बसली की प्रत्येक वेळी ती तापतेच असे नाही. उलटी चूकही आम्ही पाहिली आहे. एका गाडीत बॅलास्ट शाबूत होता आणि नवी कॉइल तीन ओहमची बसवली. रोध झाला साडेचार, प्रवाह पावणेतीन अँपिअरवर आला. कॉइल गारच राहिली, पण ठिणगी लेचीपेची. थंडीत सकाळी गाडी सुरू होईना, भरल्या हौद्याने चढावर मिस मारायची. मालक बिचारा महिनाभर कार्बुरेटर धुवत बसला. याहून वाईट चूक मोटारसायकलच्या कॉइलची. अलीकडच्या बहुतेक दुचाकींत पॉइंट नसतात, पुष्कळांत सीडीआय नावाची डबी असते आणि ती काही शे व्होल्टचा क्षणभराचा झटका कॉइलला देते. त्या कॉइलचा रोध एक ओहमच्याही खाली असतो, कारण तिला अखंड प्रवाह झेलायचाच नसतो. समजा ०.४ ओहमची अशी कॉइल कोणी पॉइंटांवर, सरळ बॅटरीला जोडली. बारा भागिले ०.४, तीस अँपिअर. पॉइंट जळतील, वायर लाल होईल, आणि फ्यूज नसेल तर पुढचे सांगायला नको. पेट्रोलची टाकी बहुधा सीटखालीच बसवलेली असते.

म्हणून दुसरी बाजूही बोलली पाहिजे. आम्ही शेतकऱ्याची बाजू घेतो याचा अर्थ फ्यूजशिवायच्या वायरचीही बाजू घेतो असा नाही. घरी बांधलेल्या ज्या गाड्यांची बॉनेटे आम्ही उघडली त्यातल्या बहुतेकींत एकाच लाल रिळाची वायर सगळीकडे फिरवलेली होती. दिवा लाल, भोंगा लाल, कॉइल लाल. नकाशा कोणाकडेच नाही, मिस्त्रीच्या डोक्यात असेल तेवढा. अर्थचे तर विचारूच नका. इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसवतात, चॅसीला छान रंग मारतात, आणि इंजिनापासून चॅसीपर्यंत जाड पट्टी टाकायची विसरतात. रबरातून आणि रंगातून वीज जात नाही. मग ती वाट शोधते, कधी क्लचच्या केबलमधून, कधी ॲक्सिलरेटरच्या तारेतून. एका गाडीत ॲक्सिलरेटरची तार स्टार्टर मारला की तापायची, मालकाला वाटायचे घासते आहे. गंजक्या जोडात अर्धा ओहम बसला तर चार अँपिअरला दोन व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. बारापैकी दोन म्हणजे सहावा हिस्सा. हमालीत आणि तोलाईत शेकडा एक जास्त घेतला तर आपण बाजार बंद पाडतो, आणि स्वतःच्या गाडीत शेकडा सोळा जातात त्याचा पत्ता नाही.

कॉइलला अधिक-उणे असते हेही पुष्कळांना ठाऊक नाही. आजच्या, बॅटरीचे उणे बॉडीला जोडलेल्या गाडीत पॉइंटांकडची वायर उण्याच्या बोल्टवर हवी. उलटी जोडली तरी गाडी चालते, म्हणून चूक वर्षानुवर्षे लपून राहते. ठिणगी मात्र कमजोर पडते.

गाडी रस्त्यावर आणली की कायदा येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलापासून वेगळा बदल करायला मनाई करते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातून आलेल्या एका प्रकरणात जुगाड हेही कायद्याच्या व्याख्येतले मोटार वाहनच असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे नोंदणी आणि विमा यांच्या अटी त्यालाही लागू. अपघात झाला, माणूस गेला, तर भरपाईसाठी घरातली जमीन निघते. हे आम्ही लपवणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बांधली, साठ हजारांच्या आसपास खर्चात. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रा यांनी त्यांची वाहवा केली आणि लगेच हेही म्हटले की नियमांत बसत नाही म्हणून ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल. तिच्या बदल्यात जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना नवी बोलेरो मिळाली. लोहारांचा मान झाला याचा आम्हाला आनंद आहे. पण बाकीच्यांना बोलेरो कोण देणार? त्यांना हवी आहे तपासणीची एक वाट. गाडी घेऊन जावे, ब्रेक दाखवावे, वायरिंगचा नकाशा दाखवावा, जे चुकले ते सुधारावे, आणि ठरावीक वजनापर्यंत, ठरावीक वेगापर्यंत शेतमाल वाहायची परवानगी घ्यावी. ही मागणी आम्ही करू. मात्र ती करताना अधिकाऱ्याने बॉनेट उघडायला सांगितले आणि आत लाल वायरीचा गुंता निघाला, तर आमचे तोंड तिथेच बंद होईल. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागायचे तर आपल्या हातातले तंत्रज्ञान मोजता आले पाहिजे.

तेव्हा जिल्हा बैठकीपुढे आम्ही दोन ठराव ठेवतो आहोत. कॉइल विकणाऱ्या प्रत्येक कारखान्याने रोधाचा आकडा आणि बॅलास्ट लागतो की नाही हे डब्यावर मराठीत छापावे, हा पहिला. कारखान्यांना पत्रे जातील, वजनमापे खात्याला निवेदन जाईल. दुसरा ठराव आपल्याच घरचा. ज्या गावात घरी बांधलेल्या गाड्या आहेत तिथल्या शाखेने एक मल्टिमीटर घ्यावा आणि प्रत्येक गाडीच्या वायरिंगचा नकाशा काढून बॉनेटच्या आतून चिकटवावा. आयटीआयमध्ये शिकणारी आपलीच पोरे आहेत, दोन रविवारांचे काम. बैठकीच्या दिवशी मंडपाच्या मागे मीटर घेऊन आम्ही बसणार आहोत. गाडी आणता आली तर गाडीच आणा. कॉइल सुटी काढून आणलीत तर ती धड की बिघडलेली एवढे सांगता येईल, पण ती कुठे आणि कशी जोडली होती ते ती सांगणार नाही.

त्या कार्यकर्त्याची गाडी आता बरी आहे. गोठ्यातला पांढरा तुकडा मोजला तर मधली तार तुटलेली निघाली, म्हणून त्याने तीन ओहमची कॉइल घेतली. या वेळी दुकानात मीटर घेऊन गेला. कोणती गाडी, असे दुकानदाराने विचारले तेव्हा तो म्हणाला, गाडी राहू द्या, डबे उघडा. चार कॉइली काउंटरवर मोजल्या. दुकानदार आधी चिडला, मग स्वतःच वाकून आकडे बघायला लागला आणि शेवटी मीटर कुठे मिळाला ते विचारून घेतले. फ्यूज बसवला, इंजिनापासून चॅसीपर्यंत तांब्याची पट्टी टाकली, गाण्याची वायर चावीपासून वेगळी केली. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवून उरलेला हिंगूळ घरात होता, त्यात काडी बुडवून कॉइलच्या दर्शनी बाजूला, पट्टीच्या वर, त्याने ३.१ असे लिहून ठेवले आहे.